गास्ताँ, तुमचा पिक्चर आळीत लागला

गास्ताँ, तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात बसून एका फ्रेंच विमा कंपनीच्या शिव्यांचं सभ्य इंग्रजी करत होतो. तुमच्या मुलीचा, क्लेरचा, ई-मेल आला. चार ओळी. बाबा मंगळवारी सकाळी गेले. फार त्रास झाला नाही. टेबलाच्या खणात तुम्ही त्यांना लिहिलेली पत्रं सापडली म्हणून कळवते आहे. आणि चौथी ओळ: पुण्यातला खेळ झाला का, असं ते गेल्या आठवड्यातसुद्धा विचारत होते.

नाही झाला. अकरा वर्षं नाही झाला. का नाही झाला हे फक्त मला माहीत होतं. आणि माझ्या बायकोला, कारण तिला सगळंच माहीत असतं.

माणसानं जाताना थोडी तरी वाट पाहावी की नाही? अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला असं म्हणायला जो निर्लज्जपणा लागतो तो माझ्याकडे भरपूर आहे. मी सांगणारच होतो तुम्हाला सगळं. दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते ठरायचं होतं, एवढंच.

इथल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात तुमच्यावर सहा ओळी आल्या. त्यातल्या दोन ओळी पुण्यात केलेल्या तुमच्या पिक्चरमधल्या ‘त्या’ वाक्याच्या. म्हणजे तुमच्या मृत्युलेखाचा तिसरा हिस्सा माझा आहे, आणि तो सपशेल खोटा आहे. पेपर घडी करून ठेवला तर बायको म्हणाली, “लपवताय कोणापासून? छापून आलंय ते.”

आपली ओळखच मुळात चुकून झाली. तुमच्याकडे येणार होते ते दोन चांगले दुभाषे ऐन वेळी परदेशी कंपन्यांत चिकटले. बाजार नुकता खुला झाला होता. जरा बरं फ्रेंच किंवा जर्मन येणारा माणूस आंघोळीला गेला, तर बाहेर यायच्या आत त्याला नोकरी लागलेली असे. उरलो मी. संध्याकाळच्या वर्गात तीन वर्षं फ्रेंच शिकलेला, पंपाच्या कारखान्यात निर्यातीची पत्रं टाइप करणारा. पंपाच्या एकूण एक भागाची नावं मला फ्रेंचमध्ये येत होती, माणसाच्या भागांपैकी एकाचंही नाही. तुम्ही विचारलंत, “चित्रपट पाहता का?” मी म्हणालो, “दर रविवारी.” टीव्हीवर रविवारी जो लागेल तो, हे मी सांगितलं नाही. तुम्ही खूश झालात. तुम्हाला खूश करायची सवय मला तिथूनच लागली.

तुम्ही तेव्हा साठीला टेकला होतात. उंच, पाठीत किंचित वाकलेले, आणि कसब्यातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला रोज नव्याने डोकं आपटणारे. तरुणपणी एका पिक्चरने तुमच्या देशात गाजलात, पुढचे दोन असे आपटले की एका निर्मात्यानं तुमच्याशी कायमची बोलाचाली बंद केली, आणि मग पंधरा वर्षं टीव्हीसाठी चीज, आगगाड्या आणि दीपगृहं. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी अमृततुल्यच्या बाकड्यावर सांगितलंत. “हा शेवटचा डाव,” म्हणालात. मी मान डोलावली. शेवटचा डाव माझ्यासारख्याच्या भरवशावर टाकू नये, हे तुम्हाला सांगायला तिथे कोणी नव्हतं.

तुम्हाला तांबट आळीचा आवाज हवा होता. कसब्यात शिरता शिरताच तो कानावर यायचा. वीसपंचवीस हातोडे तांब्यावर पडतायत, कुठे बंब, कुठे घंगाळ, कुठे कळशी. स्टील आणि गीझर आल्यावर निम्मे हातोडे थंडावले होते, तरी आवाज होता. पहिल्या दिवशी आपण आळीत पाऊल टाकलं आणि पहिल्या दुकानातला हातोडा थांबला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. आपण पुढे चाललोय आणि आवाज मागे मागे सरतोय. गजाभाऊंच्या दुकानाशी पोचलो तोवर सगळी आळी चिडीचूप. गजाभाऊ उठले, हात पुसले, तुम्हाला पाट दिला.

“बसा. चहा घ्या.”

असे तीन दिवस. तीन दिवसांत तुम्ही अकरा कप चहा प्यायलात आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात फुंकर मारून चहा पिण्याचा आवाज जमा झाला. चौथ्या दिवशी तुम्ही चिडून उठलात. ही आळी मुकी आहे, मला फसवलंय, असं म्हणत ताडताड निघालात. आपण कोपऱ्यावर पोचलो आणि मागे हातोडे सुरू झाले. तुम्ही वळून पळालात. हातोडे बंद. पुन्हा कोपऱ्यावर. हातोडे सुरू. पुन्हा पळालात. कट्ट्यावर बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, “काय हो, यांचं काही हरवलंय का?”

गुंता सोडवला तो गजाभाऊंच्या बायकोनं, मालतीवहिनींनी. “पाहुण्याच्या तोंडावर ठोकत बसायचं का?” त्या म्हणाल्या. “आमच्यात नाही तसं करत. रोज येऊन बसा म्हणावं त्यांना. आठ दिवसांनी कोण विचारतंय!”

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं तुम्हाला. म्हणूनच बहुधा ते उपयोगी पडलं. तुम्ही रोज जाऊन बसलात. कॅमेरा नाही, यंत्र नाही, नुसते बसलात. नवव्या दिवशी गजाभाऊंनी तुमच्याकडे न बघता हातोडा उचलला आणि चहाही विचारला नाही. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चहा न मिळाल्याचं.

मग खरं काम सुरू झालं आणि माझे पराक्रमही. दुकानातल्या भिंतीवर एक कॅलेंडर तिरकं लटकलेलं होतं. शॉटच्या आधी मी ते सरळ केलं. तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! “हात लावू नका. जे आहे ते असू द्या. मला नीटनेटकं नको आहे.” संपूर्ण आळीसमोर. मी कॅलेंडर पुन्हा तिरकं केलं, पण ते पहिल्यासारखं तिरकं होईना. तुमचा तो कॅमेरावाला हसत होता. गजाभाऊ म्हणाले, “दुभाषे, तुम्ही नुसतं बोला. हात खिशात ठेवा.” दोघांनीही मला नेमक्या उलट्या गोष्टीबद्दल सावध केलं. हात खिशातच होते माझे, पुढे जे केलं ते तोंडानं केलं.

प्रश्न विचारण्याची तुमची एक पद्धत होती. एकच प्रश्न चारपाच वेळा विचारायचा. पहिल्यांदा माणूस शिष्टाचारानं उत्तर देतो, दुसऱ्यांदा पाठ केलेलं देतो, पाचव्यांदा कंटाळून खरं बोलतो, असं तुमचं म्हणणं. त्या दुपारी तुम्ही गजाभाऊंना विचारलंत, ठोके घालताना तुमच्या मनात काय असतं?

“काम असतं.”

तुम्ही पुन्हा विचारलंत.

“कामच असतं.”

पुन्हा.

“सांगितलं ना, काम.”

पुन्हा. पाचव्यांदा विचारलंत तेव्हा गजाभाऊंनी हातोडा गुडघ्यावर ठेवला आणि तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“अहो दुभाषे, यांना ऐकू कमी येतं का? तेच तेच काय विचारतायत? मनात काय असणार! बोट चेचायचं नाही, एवढं असतं. आणि मनातलं असं रस्त्यात बसून सांगतं का कोणी? यांच्याशी घरी कोणी बोलत नाही वाटतं.”

आणि पुन्हा ठोकायला लागले. कॅमेरा चालूच होता. तुमची पद्धत फळली होती, गास्ताँ. पाचव्या प्रश्नाला खरं उत्तर पडलं होतं, टप्प करून, पिकल्या आंब्यासारखं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, परदेशातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘ऐकू कमी येतं का’ असं कसं सांगायचं? आपल्या पुण्याबद्दल काय म्हणतील? मी फ्रेंचमध्ये म्हणालो, “ते म्हणतात, प्रत्येक ठोक्यात माझ्या वाडवडिलांचा आवाज आहे. हातोडा थांबला, की मी उरत नाही.”

हे कुठून आलं मला आजही माहीत नाही. पंपाच्या माहितीपत्रकात तर नव्हतंच.

तुम्ही चष्मा काढलात. कॅमेरा बंद करायला सांगितलंत. त्या दिवशी पुढे कामच झालं नाही. गजाभाऊ हळूच मला म्हणाले, “रागावले का?”

“नाही, नाही. खूश आहेत.”

“ऐकू येतं का विचारल्यावर खूश?” गजाभाऊंनी तुमच्याकडे निरखून पाहिलं. “माणूस भला दिसतोय.”

तेव्हापासून त्यांना तुमच्याबद्दल आदर वाटायला लागला आणि तुम्हाला त्यांच्याबद्दल. तुमच्या दोघांच्या त्या मैत्रीचं सगळं बांधकाम माझ्या थापेवर उभं होतं.

पुढच्या रविवारी आपण खडकवासल्याला गेलो. धरणाच्या कडेला बसून भाजलेलं कणीस खाताना तुम्ही मध्येच म्हणालात की सहा वर्षं झाली, माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. बायको त्याच्या आधीच गेली, तिचं बरोबरच होतं. घरात दिवसच्या दिवस आवाज नसतो, म्हणून मला आवाज असलेल्या जागा आवडतात. मग विचारलंत, “गजाभाऊ त्या दिवशी चिडल्यासारखे वाटले. मी काही चुकीचं विचारलं का?”

ती वेळ होती. तुम्ही स्वतः दार उघडून धरलं होतंत. मी म्हणायचं होतं, त्यांनी तुमच्या घरातलं बरोबर ओळखलं. कोणी काही न सांगता, हातोडा मारता मारता. मी म्हणालो, “नाही, त्यांचा चेहराच तसा आहे.” आणि वर कणसाला मीठ कमी आहे म्हणालो.

सुधारायची संधी पुन्हा आली होती, हे मला जास्त सलतं. तुम्ही परत गेलात आणि सगळे संवाद कॅसेटवर पाठवलेत. पडद्याखाली येणारी फ्रेंच वाक्यं मीच लिहायची होती. मी ठरवलं, आता खरं लिहायचं. लिहिलंही. पाकीट बंद करणार तेवढ्यात तुमचं पत्र आलं: ‘त्या एका वाक्याभोवती मी अख्खा पिक्चर बांधला आहे.’ मी पाकीट फोडलं. वाडवडील पुन्हा आत घातले. आणि एकदा एक वाक्य गोड केलं की शेजारची वाक्यं कडू लागायला लागतात. मग मालतीवहिनींच्या ‘नळ गेलाय, आता काय घासू माझं डोकं?’चं मी ‘पाणी आमच्यावर रुसलंय’ केलं. शेवटपर्यंत पोचलो तोवर तांबट आळीत एकही माणूस साधा बोलत नव्हता.

पिक्चर गाजला. तुम्ही पुन्हा तुम्ही झालात. लोक अंधारात रडले, असं तुम्ही लिहिलंत. क्लेरनं तो पाहिला आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला फोन केला, हेही लिहिलंत. ते पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. बायको म्हणाली, “कळवून टाका एकदाचं.” मी म्हणालो, “आता? मुलगी परत आल्यावर?” ती म्हणाली, “मग निदान जेवा.”

त्याच पत्रात तुमची ती मागणी पहिल्यांदा आली. पिक्चर तांबट आळीत दाखवायचा. भर रस्त्यात, पडदा लावून, ज्यांचा आहे त्यांना. मी स्वतः येईन, माझी दुसरी काही इच्छा नाही.

तुम्हाला कल्पना नाही मी किती घाबरलो. आळीतल्या माणसांना मराठी ऐकू येणार आणि खाली फ्रेंच दिसणार. आणि हे पुणं आहे. इथे दर तिसऱ्या घरात कोणीतरी फ्रेंच नाहीतर जर्मन शिकत असतं, आणि शिकत असलेला माणूस चूक काढल्याशिवाय झोपत नाही. म्हणून मी कळवलं, सप्टेंबरात गणपती असतात, रस्त्यात मांडव असतो. तुम्ही म्हणालात, मार्चमध्ये. मी म्हणालो, परीक्षा असतात, लाउडस्पीकर चालत नाही. मे? लग्नं. जुलै? पाऊस. नोव्हेंबर? निवडणुका, आचारसंहिता. आधी पत्रानं, मग फॅक्सनं, मग सायबर कॅफेत बसून ई-मेलनं. यंत्रं बदलत गेली, थाप तीच. एकदा तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्या शहरात पिक्चर दाखवायला वर्षातला कुठला दिवस मोकळा आहे, तेवढं कळवा.’ त्याचं मी उत्तर दिलं नाही.

मालतीवहिनी भेटल्या की विचारायच्या, “अहो, आमचा पिक्चर कधी लागतोय?” मी सांगायचो, फ्रान्समध्ये अडकलाय. तुम्हाला सांगायचो, पुण्यात अडकलाय. अडकला होता तो माझ्यात.

मग तुम्ही तुमच्या देशात, तुमच्या भाषेत नवा पिक्चर केलात. गावातल्या शेवटच्या चांभारावर. तीच पद्धत, तोच प्रश्न पाच वेळा. तो पडला. समीक्षकांनी लिहिलं, पुण्यातल्या त्या कारागिरांची कविता इथे कुठे आहे? तुम्ही मला लिहिलंत, ‘मी म्हातारा झालो. मला माणसांकडून ते काढून घेता येत नाही आता. तुमच्या आळीसारखं इथे कोणी बोलतच नाही.’ गास्ताँ, आळीसारखं आळीतही कोणी बोलत नव्हतं. तुमचा चांभार खरा होता आणि माझ्या खोट्या तांबटानं त्याला मारलं. त्यानंतर तुम्ही पिक्चर केला नाहीत. मी उत्तरात लिहिलं की हवापालट करा.

तोवर मलाही हिंजवडीला नोकरी लागली होती. कशाच्या जोरावर? याच गुणाच्या. तिकडचा क्लायंट फोनवर म्हणायचा, ‘हे काम कचरा आहे.’ मी टीमला सांगायचो, ‘त्यांच्या काही सूचना आहेत.’ साहेब म्हणाले, तुम्ही असलात की वातावरण छान राहतं. एकदा क्लायंटनं वीस मिनिटं आगपाखड केली, मी त्याचं इतकं सुंदर केलं की टीमनं केक मागवला. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट काढून घेतलं. अकरा पोरं दुसरीकडे टाकली गेली. केकवर काय लिहिलं होतं ते सांगत नाही. तेव्हाही मला कोणी रागावलं नाही. उलट, म्हणाले, तुम्ही तरी काय करणार!

आणि मग क्लेरचा तो ई-मेल.

मी तिला लिहिलं, पिक्चरची डीव्हीडी पाठव, खेळ करायचा आहे. कारण विचारू नकोस. तिनं कुरियरनं पाठवली. ऑफिसचा प्रोजेक्टर मागून घेतला, दुकानाच्या शटरवर चादर बांधली, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दिवे लागल्यावर, आळीत पिक्चर लावला. गणपती नव्हते, परीक्षा नव्हत्या, निवडणुका नव्हत्या. असे दिवस पुष्कळ असतात वर्षात.

गजाभाऊ पंच्याहत्तरीचे. पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून. मालतीवहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. पडद्यावर त्या हंडा घेऊन दारात आल्या आणि आळीतली कोणीतरी म्हणाली, “अगंबाई, वहिनी!” गजाभाऊ खुर्चीत सरळ झाले. वहिनींनी हे पाहायला हवं होतं. तुम्हीही. तुम्हा दोघांना उत्तर मला एकट्याला द्यायचं आहे.

मग वहिनी पडद्यावर म्हणाल्या, नळ गेलाय, आता काय घासू, माझं डोकं? आणि आळी हसली. गास्ताँ, आळी हसली! मग हसतच राहिली. प्रत्येक टोमण्याला, प्रत्येक ‘काम असतं’ला. अकरा वर्षं देशोदेशी लोक ज्यात मान खाली घालून बसले तो तुमचा पिक्चर विनोदी आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही किती हसरा पिक्चर केलात, हे तुम्हाला कोणी कळू दिलं नाही.

‘यांना ऐकू कमी येतं का’ला तर शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात गजाभाऊंची सून प्राजक्ता उभी राहिली. ती हिंजवडीलाच नोकरीला, आणि कंपनीतर्फे फ्रेंचच्या वर्गाला जाते. मी सांगितलं ना, दर तिसऱ्या घरात.

“काका, थांबवा जरा. खाली काय भलतंच लिहिलंय!”

मी थांबवलं. तिनं वाचलं, अडखळत मराठी केलं. प्रत्येक ठोक्यात माझ्या वाडवडिलांचा आवाज आहे. हातोडा थांबला, की मी उरत नाही.

“हे कोण म्हणालं?” गजाभाऊंनी विचारलं.

“तुम्हीच, असं लिहिलंय बाबा.”

“मी? मी असं बोललो असतो तर तुझ्या सासूनं मला घरात घेतलं नसतं.”

लोक पुन्हा हसले. मी हसलो नाही, तसे ते गप्प झाले. मग मी सांगितलं. उभ्यानं, प्रोजेक्टरच्या उजेडात, सगळं. का केलं, कधी केलं, मुलीचा फोन, पडलेला चांभार, गणपती, परीक्षा, निवडणुका. कट्ट्यावरून कोणीतरी म्हणालं, “फ्रेंचमध्ये झालं म्हणून वाचलात.”

गजाभाऊंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “आम्ही आठ दिवसांत त्यांना पाहुणा मानायचं सोडलं. तुम्ही नाही सोडलंत.”

ते पुढे म्हणाले:

“मी त्यांना महिनाभर काय काय बोललो. त्यांना त्यातलं काहीच पोचलं नाही?”

“नाही.”

“मग ते महिनाभर बोलले कोणाशी?”

या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या, गास्ताँ. माझ्याशी बोललात म्हणावं, तर मी तरी त्यात कुठे होतो? मी पाहुण्याला बरं वाटेल ते बोलत होतो. त्या दुकानात तीन माणसं बसली होती आणि त्यातली दोनच खरी होती. ती एकमेकांना भेटलीच नाहीत.

“पुढच्या रविवारपासून येऊन बसा,” गजाभाऊ म्हणाले. “पहिल्यापासून लिहायचं सगळं. ही तपासेल.”

चार रविवार बसलो. प्राजक्ता प्रत्येक वाक्य पडताळायची, माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघत. फक्त एके ठिकाणी अडलो. ‘यांच्याशी घरी कोणी बोलत नाही वाटतं.’ गजाभाऊ म्हणाले, “हे गाळा. मुलगी वाचेल, तिला लागेल.” पुन्हा तोच मोह, आणि या वेळी खुद्द बोलणाऱ्याच्याच तोंडून. मी इतका चिडलो की माझंच मला आश्चर्य वाटलं. “नाही गाळणार,” म्हणालो. “तुम्ही बोललात, ते खरं होतं, आणि त्यांच्या कामी आलं असतं.” गजाभाऊंनी प्राजक्ताकडे पाहिलं. “बघ,” म्हणाले, “दुभाष्यांना आज कंठ फुटला.”

सगळं क्लेरला पाठवलं, सोबत माझा कबुलीजबाब. तिचं उत्तर आठ दिवसांनी आलं. तुमच्या गावात तुमच्या आठवणीसाठी पिक्चर दाखवणार आहेत, त्यात नवीन वाक्यं घालते म्हणाली. त्या ‘घरी कोणी बोलत नाही’बद्दल एवढंच, की ते खरं होतं. आणि मग: ‘पण जुन्या वाक्यावर बाबांचं नाव उभं आहे. ते काढल्यावर पिक्चर लोकांना आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. बाबा तुमच्यावर फार चिडले असते.’

चिडायलाच हवं होतंत. कॅलेंडरसाठी आळीभर ओरडलात आणि याच्यासाठी एक शब्द नाही, हे मी कसं सहन करायचं? अकरा वर्षं मी तुमच्या रागाला घाबरलो. आता तो कुठेच मिळत नाही.

काल गजाभाऊंकडे गेलो. क्लेरनं काय लिहिलं ते सांगितलं. जुनं वाक्य काढलं तर पिक्चर पडेलही, असंही सांगितलं. ते एका कळशीचा पोचा काढत होते. हात थांबवला नाही, बसा म्हणाले नाहीत, चहा विचारला नाही.

“इतकी वर्षं चालला तो तुमचा पिक्चर होता,” ते म्हणाले. “आता पडला तरी त्यांचा पडेल.”